जाम झालेली जुनी पायमशीन घरच्या घरी मोकळी कशी करावी

आमच्या घरची शिलाईची पायमशीन सासूबाईंची. काळी, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचा जाळीदार स्टँड. त्या गेल्यावर ती कापसाच्या खोलीत गेली आणि तिथंच राहिली. भाव वाढायची वाट पाहत दरवर्षी कापूस त्या खोलीत साठायचा आणि मशीन त्याच्या मागे गडप व्हायची. नऊ वर्षांनी बाहेर काढली, तर हातचाक तसूभरही हलेना. तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्यानं दुरूनच पाहून सांगितलं, आतून गंजली, नवीन घ्या. भंगारवाला वजनावर मागत होता.

ती मशीन मी अकरा दिवसांत चालू केली. त्यानंतर शेजारपाजारच्या आणखी चार मोकळ्या केल्या. पाचही मशीनींत खरं तुटलेलं असं काहीच नव्हतं. त्या बिघडल्या नव्हत्या, चिकटल्या किंवा अडकल्या होत्या. हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर पहिल्या तीन दिवसांत मी जे नुकसान केलं ते टळलं असतं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आपल्याकडच्या घरांत बहुतेक सिंगर, उषा, मेरिट किंवा रीटा यांपैकी एखादी काळी मशीन असते. नावं वेगळी असली तरी घरगुती काळ्या मशीनींची बांधणी बरीचशी एकाच वळणाची, सिंगरच्या पंधरा नंबरच्या मशीनसारखी. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं १९३० च्या दशकात उषा काढली, पुढं लुधियानाच्या कारखान्यांनी तोच साचा धरला. तुमच्या दृष्टीनं याचा फायदा मोठा आहे. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), बॉबिन केस (ती रीळ बसते ती डबी), सुई, वॉशर, पट्टा हे सगळं आजही तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि साठ वर्षांच्या मशीनला बसतं. घेताना फक्त जुना नमुना सोबत न्या.

आणि पायमशीनला वीज लागत नाही. भारनियमनात बाकी घर थांबतं, शिवण थांबत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- शिलाई मशीनचं तेल. पाण्यासारखं पातळ आणि बिनरंगी असावं. पिवळट, दाट असेल तर घेऊ नका.
- मातीचं तेल, म्हणजे रॉकेल. आता ते सहज मिळत नाही, त्यामुळं वाटीभर डिझेल आणलं तरी काम होतं.
- दोन पेचकस. एक रुंद तोंडाचा, एक बारीक. तोंड स्क्रूच्या खाचेत घट्ट बसलं पाहिजे.
- चिमटा, जुना टूथब्रश, दाभण, भरपूर सुती चिंध्या.
- सुई काढून टाकलेली इंजेक्शनची सिरिंज. तेल नेमकं जागेवर सोडायला याहून चांगलं काही नाही.
- आप्पेपात्र. एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू ठेवायचे.
- मोबाइल, फोटो काढायला.
- नव्या सुया, १४ आणि १६ नंबरच्या.
- पसरट परात आणि जुनी वर्तमानपत्रं.

काय वापरायचं नाही, तेही इथंच सांगते. हातोडी नको. थिनर किंवा स्पिरिट नको, जुन्या मशीनींवरचं लाखेचं पॉलिश त्यानं विरघळतं आणि वेलबुट्टी पुसून जाते. ग्रीस नको, गाडीचं ऑइल नको. आणि घरातलं कुठलंही खायचं तेल अजिबात नको.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण आपल्याकडच्या निम्म्या मशीनी याच पायी जाम होतात. मशीनचं तेल संपलं की बाई स्वयंपाकघरातून जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल आणते आणि चार थेंब सोडते. त्या दिवशी मशीन लोण्यासारखी चालते. पण जवसाचं तेल हवेत वाळतं. वाळून त्याचा पापुद्रा होतो, म्हणून तर ते दारं-खिडक्यांच्या रंगात घालतात. सांध्यात गेलेलं तेच तेल दोन-चार वर्षांत लाखेसारखं घट्ट होतं. शेंगदाण्याचं आणि सोयाबीनचं जरा उशिरा, पण वळण तेच. खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. मी स्वतः पहिल्या दिवशी जाम मशीनमध्ये खोबरेलच ओतलं होतं. ते धुऊन काढण्यात पुढचे दोन दिवस गेले.

त्यात आपल्याकडं कापूस. हवेतले तंतू तेलाच्या भोकांत जातात, तेलात भिजतात, वरून धूळ बसते, आणि नमद्यासारखा बोळा तयार होतो. मग वरून कितीही तेल सोडा, खाली पोचतच नाही.

१. जोर लावण्याआधी नेमकं काय अडलंय ते पाहा

सर्वांत आधी पट्टा चाकावरून काढा. आता पायडल एकट्यानं हलवून पाहा. हलत नसेल तर तो आजार खालच्या स्टँडचा आहे, त्याचा वरच्या मशीनशी संबंध नाही. खूपदा दोन्ही वेगवेगळे अडलेले असतात आणि माणूस दोष सगळा मशीनला देतो.

आता हातचाक. चाकाच्या मधोमध एक मोठा गोल स्क्रू असतो, बॉबिन भरताना आपण तो सैल करतो. डाव्या हातानं चाक धरून उजव्या हातानं तो स्वतःकडं फिरवा. सैल झाला की चाक हलवून पाहा. चाक मोकळं फिरलं आणि सुई जागची हलली नाही, तर चाक ठीक आहे, आतली यंत्रणा अडली आहे. चाकच हललं नाही, तर ते आपल्याच दांड्यावर चिकटलंय. तसं असेल तर आतलं सगळं ठणठणीत असण्याचीही शक्यता असते.

चाकामागं दोरा अडकलाय का, हे बॅटरी लावून बघा. आमच्या मशीनमध्ये हेही होतं. मधला गोल स्क्रू, वॉशर आणि चाक काढल्यावर मागच्या दांड्यावर दोऱ्याचं कडं बसलेलं दिसलं, करंगळीएवढं जाड. वरचे पदर तेलानं काळे झालेले, दाभणानं एकेक उचलत गेले तसा रंग उजळत गेला. अगदी आतला दोरा मोतिया निघाला. तो सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधीचा असावा, कारण नंतर त्यांनी पांढऱ्या-काळ्याशिवाय दोरा वापरला नाही.

सावध राहा: मधला गोल स्क्रू पूर्ण काढायचा असेल तर त्याच्या तोंडावरचा बारीक स्क्रू आधी सैल करावा लागतो. तो न पाहता पक्कड लावली तर आटे जातात. आणि आत तीन कानांचा एक वॉशर असतो. त्याचे कान बाहेर वळलेत की आत, कुठला कान कुठं, याचा फोटो काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. तो उलटा बसला की बॉबिन भरतानाही सुई चालत राहते, किंवा चाक पकडच घेत नाही. तसं झालं तर घाबरू नका. पुन्हा काढून अर्धा फेरा फिरवून बसवा.

२. सुई, दाब, शटल काढून घ्या

सुई काढा. दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर करून तोही काढा. डाव्या बाजूचं पोलादी झाकण एका स्क्रूवर असतं, ते काढलं की सुईचा दांडा आणि दाबाचा दांडा उघडे पडतात. सुईखालची पट्टी दोन स्क्रूंवर असते.

आता खालचं शटल, म्हणजे वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग. आधी बॉबिन केस काढा. त्याच्यामागं गोल कडं असतं, काही मशीनींत दोन खिट्ट्यांनी धरलेलं, काहींत स्क्रूंनी. कडं काढलं की अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. न आलं तर ओढू नका, थेंबभर मातीचं तेल सोडून तासभर थांबा.

शटलच्या घरात नीट बघा. तुटलेल्या सुईचं टोक तिथं हमखास सापडतं. मोकळ्या केलेल्या चार मशीनींपैकी दोन निव्वळ एवढ्यासाठीच अडल्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यासाठी. चिमट्यानं काढा, घर चिंधीनं पुसा, मग चाक फिरवून पाहा. फिरलं तर तुमचं निम्मं काम इथंच संपलं.

स्क्रू कडक असेल तर त्याच्या डोक्याभोवती तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी रुंद पेचकस खाचेत घट्ट दाबून आधी किंचित आवळायच्या दिशेनं आणि मग सोडायच्या दिशेनं फिरवा. खाच एकदा गेली की तो स्क्रू मिळवणं कठीण, कारण या मशीनींचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या स्क्रूंना जुळत नाहीत.

३. मशीन टेबलावरून उतरवा

वरचा भाग एकटाच दहा-बारा किलोंचा असतो. मागच्या बाजूला दोन बिजागऱ्या असतात आणि मशीनच्या पोटाखाली दोन स्क्रू त्यांच्या खुंट्या धरून असतात. मशीन मागं कलंडून हे स्क्रू सैल करायचे आणि उचलायचं. हे काम दोघांनी करा. एकीनं धरायचं, दुसरीनं स्क्रू सोडायचा.

नुसती मागं कलंडायची असेल तरी आधी हे दोन स्क्रू आवळलेले आहेत का ते तपासा. ते ढिले असले तर मशीन बिजागरीतून सुटून सरळ पायावर येते. बीड आपटलं की तडकतं, आणि तडकलेल्या बिडाला घरगुती इलाज नाही.

उतरवलेली मशीन परातीत, जुन्या चादरीच्या घडीवर ठेवा.

४. मातीचं तेल आणि वाट पाहणं

सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिले तीन दिवस मी रोज चाकाला जोर लावत होते. एकदा पुतण्यानं चाकाच्या आऱ्यात पहार घालून बघितली. नशीब, मोडलं काही नाही, पण चाकाच्या निकेलवर खरचटल्याची खूण राहिली ती राहिलीच. चौथ्या दिवशी आमच्या गावात पूर्वी शिवणकाम करणारे एक काकाजी सहज आले. बघून म्हणाले, "तिले जोर कायले लावता ताई? ते बंद नाही पडली, चिकटली. तेल सोडा अन् वाट पाहा."

आता करायचं ते असं. आधी वरच्या कमानीवरच्या तेलाच्या भोकांत दाभण फिरवून बोळे काढा. त्यात कधी कधी कुंभारमाशीनं माती भरलेली असते. ती कोरडीच टोकरून काढा, तेल पडलं की चिखल होऊन आत जाते. मग सिरिंजनं मातीचं तेल सोडा. कुठं कुठं, तर जिथं धातूवर धातू घासतो तिथं सगळीकडं:

वरच्या कमानीतल्या मुख्य दांड्याला, दोन्ही टोकांना. डाव्या बाजूला सुईचा दांडा वर आणि खाली जिथून जातो तिथं. दाबाच्या दांड्याला. दोरा वर ओढणारी दांडी जिथं जोडली आहे तिथं. मागचं गोल झाकण काढलं की आत उभा दांडा आणि त्याचे जोड दिसतात, त्यांना. मशीन कलंडून पोटाखाली: दोन आडवे दांडे, त्यांची चारही टोकं, आणि कापड सरकवणारे दाते पुढं-मागं नेणारा जोड. टाके लहान-मोठे करायच्या दांडीचा खिळा. हे शेवटचं ठिकाण लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात, मशीन चालते पण टाका एकाच मापाचा पडतो.

तेल सोडून झालं की तासाभरानं चाक हातात धरा आणि दोन्हीकडं हलकेच डोलवा. पाळण्यातल्या मुलाला झोका देतो तितक्याच ताकदीनं. हललं नाही तर सोडून द्या. सकाळी एकदा, रात्री एकदा, एवढंच. मधल्या वेळात तेल आपलं काम करतं.

उन्हाळा असेल तर आपल्याकडं दैवी मदत आहे. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्याचा उपयोग करून घ्या. तेल सोडलेली मशीन दुपारी अकरा ते तीन अंगणात उन्हात ठेवा, धूळ बसू नये म्हणून वर पातळ सुती कपडा टाका. उष्णतेनं जुनं तेल मऊ होतं आणि नवं आत शिरतं. उचलताना फडकं घ्या, काळं बीड हाताला भाजतं. थंडीत किंवा पावसाळ्यात केस वाळवायचं यंत्र कुणाकडून मागून आणा आणि एकेका सांध्यावर पाच-पाच मिनिटं धरा, पण मातीचं तेल सोडलेलं असताना नाही. आधी पुसून, कोरडं करून. चूल, शेगडी, देवाजवळचा दिवा या सगळ्यांपासून हे काम लांब करा. भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अंगणात पसरून वाळवा.

सातव्या दिवशी संध्याकाळी आमचं चाक हललं. हललं म्हणजे किती, तर तांदळाच्या रुंदीएवढं. आवाज आला नाही, फक्त तळव्याला जाणवलं. सुईच्या दांड्यावर मी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती, ती किंचित खाली गेलेली दिसली. अशा वेळी आनंदानं पूर्ण फिरवायचा मोह होतो. तो आवरा. जेवढं हललं तेवढंच पुढं-मागं करत राहा, पुन्हा तेल सोडा, पुन्हा डोलवा. प्रत्येक फेरीत तपकिरी, चिक्कीच्या पाकासारखं काही तरी सांध्यातून बाहेर येईल, ते पुसत जा. ते बाहेर आलं म्हणजे काम बरोबर चाललंय.

५. तरीही एके ठिकाणी अडलं तर

चाक थोडं फिरून रोज एकाच जागी थांबत असेल, तर तो चिकटा नव्हे, अडथळा आहे. दाते खालून पट्टीला लागतात का बघा, त्यांच्यात कापसाचा दाबून बसलेला थर असतो. शटलच्या घरात पुन्हा बघा. सुईच्या दांड्यावर गंजाचा ठिपका आहे का बघा. असेल तर तेलात भिजवलेल्या जुन्या जीन्सच्या तुकड्यानं घासा. फारच असेल तर सर्वांत बारीक पॉलिश पेपर तेल लावून, दांड्याच्या लांबीच्या दिशेनं.

चाक फिरत नसलं तरी प्रत्येक जोड हातानं हलवून पाहिला तर कुठं किंचित सैलपणा आहे आणि कुठं अजिबात नाही, हे बोटांना कळतं. जिथं अजिबात नाही तिथं तेल. लाटण्याच्या टोकानं पोलादी दांड्यावर टकटक करायला हरकत नाही, पण नुसती टकटक. बिडावर तीही नको.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. सुईचा दांडा जिथं पकडलेला आहे तो स्क्रू, आणि शटल हलवणाऱ्या दांड्याचे स्क्रू. सुई आणि शटल यांची वेळ त्यांच्यावर जुळवलेली असते. सुई खालून वर यायला लागली की शटलचं टोक तिच्या नेढ्याच्या किंचित वरून जायला हवं, म्हणजे दोऱ्याचा फास पकडला जातो. दांडा जरासा वर-खाली झाला तरी टाका पडत नाही, आणि ते पुन्हा जुळवणं नवशिक्याचं काम नाही. मोकळं करायला हे स्क्रू सोडावे लागत नाहीत.

६. धुऊन काढा आणि खरं तेल द्या

चाक पूर्ण फिरायला लागलं म्हणजे काम झालं असं नाही. मातीचं तेल जुना चिकटा काढतं, वंगण देत नाही. तशीच चालवली तर कोरडे सांधे झिजतात. त्यामुळं सगळीकडं पुन्हा मातीचं तेल सोडून शंभर-दीडशे फेरे हातानं फिरवा, खाली येणारा काळा रस पुसा, रस स्वच्छ येईपर्यंत हेच करा. एक रात्र वाळू द्या.

मग मशीनचं तेल, प्रत्येक जागी एक किंवा दोन थेंब. शटलच्या घरात एकच. पाच मिनिटं फिरवून पुन्हा एकेक थेंब. दोऱ्याच्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये, म्हणजे वरचा दोरा ज्यांच्यामधून ताणून येतो त्यांच्यात, तेल घालायचं नाही. तिथं पक्का दोरा तीन-चार वेळा ओढून घाण काढायची, बस. बाहेरून मशीन तेलाच्या फडक्यानं पुसा. वेलबुट्टीवर घासू नका.

७. स्टँड आणि पट्टा

पायडलच्या दोन्ही टोकांना, मोठ्या चाकाच्या आसाला आणि या दोहोंना जोडणाऱ्या दांड्याच्या वर-खाली तेल द्या. पायडल खडखडत असेल तर दोन्ही टोकांचे टोकदार स्क्रू थोडे आवळा, पण इतके नाही की जड होईल. हातानं ढकलून सोडल्यावर मोठं चाक चार-पाच फेरे आपसूक फिरलं पाहिजे.

चामडी पट्टा बहुधा वाळलेला नाहीतर उंदरांनी कुरतडलेला असतो. नवा स्वस्त मिळतो. टेबलाच्या दोन भोकांतून ओवून दोन्ही चाकांवर घाला, ताणून खूण करा, खुणेच्या अर्धा इंच आत कापा. आरीनं भोक पाडून तारेची कडी पक्कडीनं बंद करा. हे जमत नसेल तर आठवडी बाजारात मोची बसलेला असतो, तो दोन मिनिटांत करून देतो. नवा पट्टा महिन्याभरात सैल होतो, तेव्हा पुन्हा थोडा कापावा लागतो. पट्ट्याला तेल कधीही लावू नका, तो घसरतो.

८. पहिली टीप

जुनी सुई फेकून द्या, कितीही चांगली दिसली तरी. साध्या सुती कापडाला १४ नंबर, मांजरपाटाला १६, जीन्सला १८.

सुईची बाजू कुठली, यावर खूप गोंधळ होतो, कारण वेगवेगळ्या मशीनींत ती वेगळी असते. खूण एकच लक्षात ठेवा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते आणि दोरा त्याच बाजूनं ओवायचा असतो. सुईच्या अगदी वर दोरा अडकवायचा जो शेवटचा हूक आहे तो ज्या बाजूला, खाचही त्याच बाजूला. सुई वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळा.

दोरा न ओवता, दाब वर ठेवून, आधी नुसतं पायडल मारायचा सराव करा. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडं यायला हवा. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये गुंडाळतो. सुरुवात नेहमी उजव्या हातानं चाक स्वतःकडं ओढून करा, पाय मग आपोआप लागतो. कापड नसताना दाब खाली ठेवून चालवू नका, दाते दाबाला घासतात.

नंतर जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. दोन्ही दोऱ्यांची टोकं दाबाखालून मागं घेऊन पहिले चार टाके पडेपर्यंत बोटानं धरून ठेवा. ती न धरल्यामुळंच नव्या हातांच्या मशीनी पुन्हा अडकतात. पहिली वीतभर टीप तेलाची, काळी येईल. येऊ द्या.

कापडाच्या खाली दोऱ्याचे फास दिसले तर बहुतेक जण बॉबिनला दोष देतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो चकत्यांमध्ये नीट बसलेला नाही, किंवा टेन्शन ढिलं आहे. दाब वर करून दोरा पुन्हा ओवा. वर गाठी दिसल्या तर बॉबिन केसकडं बघा. दोरा धरून केस लोंबकळत ठेवा, हलका झटका द्या. ती थोडी खाली सरकून थांबली तर बरोबर. सरसर खाली आली तर तिच्या अंगावरचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळा. पाव फेराच.

९. वर्षभराची निगा

रोज शिवत असाल तर रोज संध्याकाळी शटलच्या घरात एक थेंब, आठवड्यातून एकदा बाकी सगळीकडं. कधीमधी शिवत असाल तर महिन्यातून एकदा तेल देऊन पाच मिनिटं चालवा. उभी राहिलेली मशीनच जाम होते. तेल दिल्यावर चिंधीवर चार टिपा मारा, म्हणजे नव्या कपड्यावर डाग पडत नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढं, घरात तंतू उडतात. तेवढे महिने आठवड्यातून एकदा सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला कापूस ब्रशनं काढा. कापसाच्या खोलीत मशीन ठेवूच नका.

पावसाळ्यात तिच्यावर प्लॅस्टिक टाकू नका. आतला ओलावा आतच राहतो आणि सुईखालची पट्टी आठ दिवसांत तांबूस होते. जुन्या लुगड्याचं दुहेरी आवरण शिवा आणि मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आमच्या मशीनवर तसंच आहे, सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचं, काठ खाली घेऊन. त्यावरची टीप त्याच मशीनची.

बिडाला तडा असेल, शटलच्या घराच्या आत नखाला लागेल अशी खाच पडली असेल, किंवा सगळं मोकळं होऊनही टाका पडत नसेल, तर मात्र जाणत्या कारागिराकडं न्या. नेताना पूर्ण मशीन न्या, शटल आणि बॉबिन केससकट, आणि तुम्ही काय काय सोडलं होतं त्याचे फोटो त्याला दाखवा.